भोयरजींचा दुसरा टप्पा

भोयरजी हातपंपाच्या ओट्यावर चढले की आधी चपला काढायचे. नव्याने बदलून आलेल्या एका गटविकास अधिकाऱ्यांना वाटलं, माणूस भाविक आहे, आणि त्यांनी ते एका भाषणात ठोकूनही दिलं. साहेबांना बोलू द्यावं, ही भोयरजींची नोकरीतली शिस्त होती. खरं कारण वेगळंच होतं. अनवाणी पाय ओट्यावर रोवून ते दुसऱ्याला हँडल मारायला लावत. जमिनीखाली दांडी कुठे घासते आणि साखळी कुठे अडते, हे तळपायाला कळतं असं त्यांचं म्हणणं होतं. "कान फसवते, ताई. पाय नाई फसवत," असं ते मला सांगायचे. मला त्यातलं काही कळत नसे, पण पंप सुरू व्हायचा हे खरं.

समुद्रपूर पंचायत समितीच्या पाणीपुरवठा कक्षात मी लिपिक होते, अजूनही आहे. वासुदेव भोयर हे आमच्या हातपंप दुरुस्ती पथकाचे मेकॅनिक. घर जामला. उंच, हाडापेराने मजबूत, केस नेमाने काळे केलेले, आणि पँटची इस्त्री मोडू नये म्हणून पथकाच्या गाडीत अवघडून बसणारे. नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. तालुक्यातला प्रत्येक पंप 'माहा' होता. पंप सुरू झाल्याशिवाय गावात चहा घ्यायचा नाही, आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं हँडल गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनेच मारायचं, हे त्यांचे नियम. म्हातारी काठी टेकत येईपर्यंत सरपंच उन्हात ताटकळत उभे राहायचे. भोयरजींना त्याची मजा वाटत असावी. तोंडावर मात्र ते काही दिसू देत नसत.

पण या माणसाचा एक हट्ट असा होता, की त्यापुढे ते कुणाचंही ऐकत नसत. पंप बसला की गावातली जुनी, उघडी विहीर बुजवायची. नुसती झाकायची नाही, बुजवायची. लोक हात जोडायचे, शिव्या द्यायचे. एका गावात कुणीतरी दगड भिरकावला, त्याची खूण त्यांच्या भुवईवर होती.

हा हट्ट आला कुठून, ते मला माहीत आहे. मी नोकरीला नवी होते तेव्हाची गोष्ट. तालुक्याच्या टोकाच्या एका गावात पंप ठणठणीत चालू असताना गॅस्ट्रोची साथ आली. कारण निघालं डाळ. आमच्याकडचं पंपाचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. म्हणून गावातल्या बाया नाल्याकाठच्या विहिरीवरून एक घागर डाळीपुरती आणायच्या. डाळीपुरतं आणलेलं पाणी डाळीपुरतं राहतं थोडंच. लेकरं त्याच घागरीत पेला बुडवायची. साथीत एक सहा-सात वर्षांची पोर फार बिघडली, तेव्हा भोयरजींनी तिला पथकाच्या गाडीत घालून हिंगणघाटला नेलं. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच गेली होती. त्यांनी त्या विहिरीवर फरश्या टाकून घेतल्या. पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी फरश्या सरकवल्या आणि डाळीसाठी पुन्हा घागरी सोडल्या. मग भोयरजी ट्रॅक्टरभर दगड घेऊन गेले आणि उभं राहून विहीर बुजवून घेतली.

"लोक मांगं फिरते, ताई," ते म्हणाले होते. "म्हून मांगचा रस्ताच ठेवू नाई."

तेव्हा मला ते पटलं होतं. त्या पोरीची आई पुढे कितीदा तरी दाखल्यांसाठी माझ्या टेबलाशी येऊन गेली. तिच्या तोंडाकडे पाहिलं की कुणालाही पटलं असतं.

भोयरजी निवृत्त झाले, पण ऑफिस सुटेना. सकाळी दहाच्या एसटीने यायचे, माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचे आणि नव्या मेकॅनिकच्या चुका काढायचे. तो बिचारा त्यांना पाहिलं की मागच्या दाराने सटकायचा. त्याच वर्षी सरकारची एक योजना आली. गावपातळीवर काम केलेली माणसं वर्षभरासाठी आफ्रिकेतल्या देशांत स्वयंसेवक म्हणून पाठवायची होती. तिकीट, राहणं, जेवण, हातखर्च आणि सामान सरकारचं, पगार नाही. आपल्याकडे बसतो तोच हातपंप तिकडेही गावोगाव बसतो, म्हणून मेकॅनिक हवे होते. नागपूरला मुलाखत झाली. तिथे एका साहेबांनी विचारलं, बिनपगारी काम करायला का तयार आहात. भोयरजी म्हणाले, "पगारावर तर मी जिंदगीभर केलं, साहेब. आता मले पाह्यचं हाय, बिनपगारी माहा हात चालते का नाई." साहेब हसले. निवड झाली.

झांबिया कुठे आहे हे आम्ही मोबाइलवर शोधलं. निरोप समारंभाला पंचायत समितीचं सभागृह भरलं होतं. जाताना त्यांनी आपला जुना पाना नेला आणि सोबत तुरीची डाळ. मी विचारलं, डाळ कशाला? "तिथलं पाणी कसं हाय ते पाह्यले," ते म्हणाले. पाण्याची परीक्षा डाळीवर, हा आमच्या भागातला साधा हिशोब. पोचल्यावर त्यांनी पहिला फोटो पाठवला तो पातेल्याचा होता. डाळ लोण्यासारखी विरघळलेली. खाली लिहिलं होतं, असं गोड पाणी आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही.

ते वर्ष त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं, असं मी म्हणेन. त्यांना तिथली भाषा येत नव्हती, त्या लोकांना यांची. पण त्या गावात मर्सी नावाची एक तरुण बाई होती. शिकलेली, इंग्रजी बोलणारी. अख्ख्या गावात इंग्रजी येणारी तीच एक, आणि भोयरजींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर नि हातवाऱ्यांवर दोघांचं भागायचं. भोयरजींनी तिला पंप खोलायला, वॉशर बदलायला, साखळीला ग्रीस लावायला शिकवलं. तिचे फोटो ते सारखे पाठवायचे. अंगावर रंगीत कापड गुंडाळलेली, पाठीला मूल बांधलेलं, हातात भोयरजींचा पाना. "माही पोट्टी," असं ते फोनवर सांगायचे. त्यांना स्वतःला मूल नव्हतं, हे मी इथे सांगून ठेवते.

पंप बसला आणि त्यांनी जुन्या विहिरीचा विषय काढला. ही हकीकत त्यांनीच मला परत आल्यावर सांगितली, आणि तेव्हा ती अभिमानाने सांगितली. तिथल्या पाणीखात्याचा एक अधिकारी त्यांना म्हणाला होता, आमच्या भागात हे साधे पाइप फार टिकत नाहीत, स्टीलचे लागतात. ते तुमच्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात येणार आहेत. तोवर विहीर राहू द्या. भोयरजींनी त्याला हसण्यावारी नेलं. जन्मभर हेच पाइप जमिनीत उतरवले होते त्यांनी. आमच्याकडे पाइपाला आतून पांढरा थर धरतो, पण भोक म्हणून पडत नाही. आणि दुसरा टप्पा तर लेखी होता, दिल्लीच्या शिक्क्यानिशी.

"सरकारनं लिहून देल्लं हाय," असं त्यांनी त्या अधिकाऱ्याला सांगितलं. सारी हयात सरकारी नोकरीत गेलेला माणूस, कागदावर टप्पा दोन लिहिलंय म्हणजे तो येणारच, यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता.

गावाला पटवायला मर्सी त्यांच्या बाजूने उभी राहिली. दगड, मुरूम, माती टाकून विहीर तोंडापर्यंत भरली आणि वर सिमेंटचा जाड थर दिला. परत फिरता येऊ नये असंच काम होतं ते. त्यावर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला. भोयरजी मधोमध, इस्त्रीच्या शर्टात. निघताना त्यांनी सांगितलं, दुसऱ्या टप्प्यात स्टीलचे पाइप घेऊन मीच येतो.

त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला वर्ध्याला त्यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मोठ्या लोकांशी हस्तांदोलन. मागच्या फलकावर तोच विहिरीवरचा फोटो मोठा करून लावलेला. आम्ही ऑफिसची माणसं गाडी करून गेलो होतो. परतताना त्यांच्या मोबाइलवर मर्सीचा व्हिडिओ आला. पंपातून लाल पाणी पडत होतं. भोयरजींनी तो पाहिला, मला दाखवला आणि म्हणाले, "नव्या पाइपाचा गंज हाय. धुऊन निघन. तिले सांगा, हँडल मारत राह्य म्हणा." मी तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. तेव्हापासून मर्सीचे निरोप मी वाचायचे आणि भोयरजींची उत्तरं मी लिहायची, असा रिवाजच पडला.

मर्सी हँडल मारत राहिली. पाणी लालच राहिलं, मग त्याला वास येऊ लागला. होळीच्या आसपास तिने कळवलं की हँडल एकदम हलकं लागतंय आणि थेंबही येत नाही. तिने गावातल्या माणसांना घेऊन, शिकवल्याप्रमाणे, पाइप वर ओढले. जेवढे वर आले तेवढ्यांचा फोटो पाठवला. माझ्या टेबलावर भोयरजींनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. पाइपाची चाळणी झाली होती. मग त्यांनी विचारलं, "हे आपलेच पाइप हाय का?"

आपलेच होते. नागपूरच्या एका इंजिनिअरने त्यांना नंतर सांगितलं की तिथलं पाणी हलकं, आंबट अंगाचं. असं पाणी लोखंड खातं. ज्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली त्याच पाण्याने पाइप खाल्ले. आमच्या जड पाण्याने जन्मभर शिव्या खाल्ल्या, पण भोयरजींची अब्रू त्यानेच राखली होती. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

मग दिल्लीशी पत्रव्यवहार सुरू झाला. मीच टाइप करत होते. दुसरा टप्पा कधी, पाइप कधी, स्वयंसेवक कधी. पहिलं उत्तर आलं की प्रस्ताव फेरविचारात आहे. दुसरं आलं की योजनेचं उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे ती समाप्त करण्यात आली आहे. सोबत एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती आणि तिच्या मुखपृष्ठावर भोयरजी. मला इतका संताप आला की मी ती टेबलावर आपटली. भोयरजींनी ती उचलली, सरळ केली आणि रद्दीच्या गठ्ठ्यात नीट ठेवली.

त्यांनी स्वतःहून नागपूरला जाऊन स्टीलचे पाइप आणले. कुरिअरवाल्यांनी पाइपांची लांबी पाहून हात वर केले. जहाजाने पाठवायचे तर तिकडे सोडवून घेणारी संस्था हवी, आणि ती योजना तर संपलेली. सरकारी कामासाठी मिळालेला पासपोर्ट परत द्यावा लागला होता. साधा काढायला टाकला, तो पोलीस चौकशीत अडकला. पाइप त्यांच्या अंगणात भिंतीला टेकून राहिले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यावर धुणं वाळत घालायच्या. मी गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हे रोज सकायी उठून पुसते ते पाइप. मी म्हणतो, काऊन पुसता? तं बोलतच नाई."

शेवटी भोयरजींनी मर्सीला कळवलं, की विहीर उकरा. हे वाक्य लिहायला सांगताना ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिकडे तेव्हा पाऊस होता, त्यांचा पावसाळा आपल्याहून उलटा. लोकांनी सिमेंट फोडलं, दगड काढायला लागले. थोडं खोल गेल्यावर भिजलेली कड ढासळली आणि दोघं जण दबता दबता वाचले. मर्सीने लिहिलं, दगड फार पक्के बसवले आहेत, आता कुणी उतरायला तयार नाही. आम्ही ओढ्याचं पाणी आणतो.

"उकळून प्या म्हणा," भोयरजी म्हणाले. "रोज लिहा, ताई. रोज लिहा."

मी रोज लिहिलं. ती रोज उत्तर द्यायची. मग कळलं की गावात हगवण-उलटीची साथ आहे आणि मर्सी आजाऱ्यांना पाणी पाजत फिरते आहे. नंतर उत्तर येईना. भोयरजी सकाळच्या एसटीने यायचे आणि बाकावर फोन हातात धरून बसायचे. त्या दिवसांत नवा मेकॅनिक मागच्या दाराने पळेनासा झाला. तोच त्यांना चहा आणून द्यायचा.

निरोप आला तो मर्सीच्याच नंबरवरून. शेजारच्या गावच्या मास्तराने तो तिच्या नवऱ्यासाठी लिहून दिला होता. मी आधी एकटीने वाचला. जेवणाची सुट्टी होती, भोयरजी समोर डबा उघडून बसले होते. त्यांचं जेवण होऊ द्यावं, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

मर्सी गेली होती. तिच्याआधी तिचं पाठीवरचं लेकरू.

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "आता पाणी कुठलं आणून राह्यले?" मी म्हटलं, त्यात तसं काही लिहिलेलं नाही, ओढ्याचंच असेल. त्यांनी मान हलवली, उठले आणि निघाले. डबा बाकावरच राहिला. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. तो अधिकारी थांबा म्हणाला होता, तर थांबायला काय झालं होतं या माणसाला? मग ती हिंगणघाटच्या पायरीवरची पोर आठवली आणि राग कुणावर धरावा ते कळेना. दिल्लीवर धरायला सोपा होता. पण तिथे राग धरायला कुणाचं तोंडच नव्हतं.

पुढे पासपोर्ट आला. तेव्हा कळलं की तिकडे जायला तिथल्या कुणाचं तरी निमंत्रण लागतं. ते कोण देणार? भोयरजींनी केस काळे करणं सोडलं. ऑफिसला येणं कमी केलं, आले तरी नव्या मेकॅनिकच्या चुका काढत नसत. एकदा त्याने मुद्दाम काहीतरी विचारलं, तर म्हणाले, "तुले जसं वाटते तसं कर. मले नको विचारू."

त्यांचा फोन मात्र वाजत राहिला. मर्सीच्या नंबरवरून त्या गावातलं कुणी ना कुणी फोन करायचं. कधी बाई असायची, कधी म्हातारा. इंग्रजी येणारी गेली होती, तेव्हा बोलणं सगळं त्यांच्या भाषेत. भोयरजींना त्यातला एक शब्द कळत नव्हता, मलाही नाही. एकदा माझ्यासमोरच आला. आवाज चढलेला होता, मग रडू, मग पुन्हा चढलेला आवाज. भोयरजी ऐकत राहिले. फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "भोयरजी, नंबर बदलून टाका. तुमच्या हातात आता काय राहिलंय? तब्येत जाईल अशाने."

"बदलता येते," ते म्हणाले. "पण मंग ते लोक बोलतीन कोणाशी? दिल्लीचा नंबर त्यायच्याजवळ नाई, ताई. माहाच हाय."



मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हिंगणघाटहून समुद्रपूरला येणाऱ्या एसटीत. दुपारची वेळ, गाडी अर्धी रिकामी. ते पुढे खिडकीपाशी बसले होते, मी मागे. हाक मारावी म्हणून उठणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला आणि ते सीटवरून उठून उभे राहिले. साहेब समोर आल्यावर माणूस उभा राहतो, तसे. एका हाताने वरची दांडी धरली, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून कुणी बाई बोलत होती. माझ्यापर्यंत शब्द नव्हते, पण आवाज पोचत होता, आणि तो थांबत नव्हता. भोयरजी हूं म्हणत नव्हते, की फोन या कानाचा त्या कानाला करत नव्हते. शेजारच्या बाईने त्यांना बसा म्हणून खूण केली, आजूबाजूला सगळ्या सीटा रिकाम्या होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी जामच्या चौरस्त्यावर थांबली. त्यांचं घर तिथून दिसतं. कंडक्टरने दार उघडून धरलं आणि 'जाम, जाम' असं त्यांच्याकडे पाहूनच म्हटलं, कारण तो त्यांना ओळखत होता. बाई बोलतच होती. भोयरजी उतरले नाहीत.